पडद्यावरच्या कुलपाची पंचवीस वर्षं

स्मरणिका समितीने ‘सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असं सांगितलं, तेव्हा मी विचारलं, कोणत्या इतिहासावर? पाण्याच्या टाकीचा इतिहास आपल्या माजी अध्यक्षांनी लिहिला आहे. लिफ्टचा, गणेशोत्सवाचा आणि कन्व्हेयन्सचा इतिहास याच अंकात आहे. मग माझ्या वाट्याला उरलं ते काम, ज्यासाठी गेली पंचवीस वर्षं माझ्या दारावरची बेल वाजते. ‘काका, मुलाच्या मोबाइलवर नको त्या साइट उघडतात, जरा बंद करून द्या ना.’ मोबाइलच्या आधी हे वाक्य कॉम्प्युटरबद्दल असायचं, आणि त्याच्याही आधी टीव्हीबद्दल. बँकेच्या संगणक विभागात नोकरीला असल्यामुळे सोसायटीने मला न विचारताच कुलूपवाला करून टाकलं. तेव्हा हा कुलपांचा इतिहास. त्यात माझी एक चूकही आहे, ती मी लपवणार नाही.

आपल्या सोसायटीची नोंदणी २००० सालची. गंमत म्हणजे भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा, १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेला. त्याच्या कलम ६७ ने इंटरनेटवर अश्लील मजकूर प्रसिद्ध करणं हा गुन्हा ठरवला. म्हणजे आपण इथे राहायला आलो आणि कायदा जन्मला, असं एकदमच झालं. तोपर्यंत सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळायला लागून पाचच वर्षं झाली होती. विदेश संचार निगमने ती सेवा १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केली होती. तिन्ही विंग मिळून तेव्हा आपल्याकडे चार कॉम्प्युटर होते. मॉडेम कर्रकर्र करत लागायचा, आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. चित्र वरून खाली इंच इंच उतरायचं. एवढ्या हळू नेटवर मुलं काय वाईट बघणार, असं आम्ही म्हणायचो.

मुलं घरी बघतच नव्हती. ती रिक्षा स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जात होती. तासाला तीस रुपये, आणि प्रत्येक कॉम्प्युटरला प्लायवूडचं पार्टिशन. कॅफेवाल्याला मी एकदा विचारलं, ‘ही पार्टिशनं कशाला?’ तो म्हणाला, ‘प्रायव्हसी, काका.’ पंधरा वर्षांच्या पोराला कसली प्रायव्हसी लागते, हे तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

हाच प्रश्न २००१ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला होता. सायबर कॅफेत लहान मुलांना अश्लील साइट सहज बघायला मिळतात, अशी तक्रार करणारं पत्र मुख्य न्यायमूर्तींकडे गेलं. न्यायालयाने त्याचीच याचिका करून घेतली आणि एक समिती नेमली. जानेवारी २००२ मध्ये समितीचा अहवाल आला. कॅफेत येणाऱ्याचं ओळखपत्र बघावं, अल्पवयीन मुलांना पार्टिशनच्या आत बसू देऊ नये, त्यांनी मोकळ्या जागेतले कॉम्प्युटर वापरावेत आणि त्या कॉम्प्युटरवर गाळणी म्हणजे फिल्टर बसवावा, अशा शिफारशी त्यात होत्या. आज त्या वाचल्या की वाटतं, या मंडळींना मर्म कळलं होतं. फिल्टर हवाच, पण पडदा चारचौघांत हवा. पुढे घरात कॉम्प्युटर आला तेव्हा तो बेडरूममध्ये न ठेवता हॉलमध्ये ठेवा, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो, ते याच अहवालाच्या जोरावर.

त्या काळातलं दुसरं कुलूप टीव्हीचं. केबलवर रात्री काय काय लागतं यावर आपल्या २००४ च्या वार्षिक सभेत पाऊण तास वाद झाला होता, जुन्या सभासदांना आठवत असेल. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या एका प्राध्यापिकेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने, केबलवर फक्त ‘यू’ आणि ‘यूए’ प्रमाणपत्राचेच चित्रपट दाखवावेत असा आदेश दिला. मग सेट-टॉप बॉक्स आले आणि त्यांच्याबरोबर चार आकड्यांचा पिन. मी बी विंगमध्ये घरोघरी जाऊन पिन लावून दिले. ‘लक्षात राहील असा नंबर सांगा,’ म्हटलं की नऊ घरांनी चार शून्यं सांगितली. मुलांना ते पहिल्याच संध्याकाळी कळलं.

कॉम्प्युटरवरचे पहिले फिल्टर कसे चालायचे, ते थोडं सांगतो. अमेरिकेत अशी सॉफ्टवेअरं १९९५ पासून बाजारात आली. त्यांच्याकडे दोन याद्या असत, एक वाईट साइटची आणि दुसरी वाईट शब्दांची. यादीतला शब्द पानावर दिसला की पान बंद. आता शब्दाला कुठे कळतं आपण कशासाठी वापरले जातोय? १९९५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीने स्तन या अर्थाचा इंग्रजी शब्दच अश्लील ठरवून टाकला. स्तनांच्या कॅन्सरमधून उठलेल्या बायका तिथे एकमेकींना धीर देत असत, त्यांचं बोलणंच बंद पडलं. ओरड झाल्यावर कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना त्या कंपनीत खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक शिवी दडलेली निघाली. तेव्हापासून फिल्टरच्या या खुळेपणाला संगणकवाले त्या गावाच्याच नावाने ओळखतात.

आपल्याकडेही हे झालंच. मी बसवलेल्या फिल्टरने सी विंगमधल्या एका दहावीच्या मुलीचं जीवशास्त्राचं प्रजनन संस्थेचं पान बंद केलं. ती बिचारी वडिलांना सांगायला लाजली आणि धडा तसाच सोडून परीक्षेला गेली. हे मला तिच्या आईकडून वर्षभराने कळलं. तेव्हा मी हसलो होतो. त्यातला ‘सांगायला लाजली’ हा भाग खरा महत्त्वाचा होता. तो मला आणखी बऱ्याच वर्षांनी समजला.

दरम्यान सरकारही कुलपं लावत होतं. २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. तिच्यात कलम ६७-ब आलं. मुलांचं लैंगिक चित्रण तयार करणं, पाहणं, पसरवणं तर गुन्हा आहेच, पण ऑनलाइन ओळख वाढवून मुलाला तसल्या संबंधात ओढणं हाही गुन्हा आहे, असं हे कलम सांगतं. हे कलम आपल्यापैकी प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावं, याचा संबंध पुढे येणार आहे. ३१ जुलै २०१५ ला केंद्र सरकारने ८५७ साइट बंद करण्याचा आदेश काढला, टीका झाली आणि चारपाच दिवसांत तो बराचसा मागे घेतला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याच यादीतल्या ८२७ साइट पुन्हा बंद करायला सांगण्यात आलं. त्यातल्या काही दुसऱ्या नावाने लगेच उघडल्या. नाव बदलून तोच धंदा दुसऱ्या गाळ्यात सुरू करायला या जगात भाडंही फारसं लागत नाही.

या दोन आदेशांच्या मधल्या काळात खरा बदल झाला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला, की जपून वापरायची गरजच उरली नाही. हॉलमधला कॉम्प्युटर धूळ खायला लागला. पडदा हातात आला, हातातून अंथरुणात, अंथरुणातून पांघरुणाखाली. सायबर कॅफेचं पार्टिशन जाऊन त्याच्या जागी गोधडी आली म्हणा ना.

मग फोन बनवणाऱ्यांनीच कुलपं द्यायला सुरुवात केली. गूगलचं फॅमिली लिंक २०१७ मध्ये आलं, ॲपलचं स्क्रीन टाइम २०१८ मध्ये. यांतून मुलाच्या फोनवर कोणतं ॲप चालेल, किती वेळ चालेल, कोणत्या साइट उघडतील हे आईबापांना ठरवता येतं. तिसरा मार्ग डीएनएसचा. आपल्या प्रत्येक विंगच्या तळमजल्यावर नावांचा बोर्ड आहे ना, तसंच हे. तुम्हाला माणसाचं नाव माहीत असतं, बोर्ड फ्लॅट नंबर सांगतो. इंटरनेटवरही साइटच्या नावावरून तिचा नंबर सांगणारे बोर्ड असतात, त्यांना डीएनएस म्हणतात. काही बोर्ड वाईट साइटचा नंबर सांगतच नाहीत. क्लाउडफ्लेअर कंपनीने १ एप्रिल २०२० ला असा एक बोर्ड कुटुंबांसाठी फुकट खुला केला, त्याचा पत्ता १.१.१.३. घरच्या राउटरमध्ये हे आकडे भरले की घरातल्या सगळ्या वायफायला गाळणी लागते.

पण या गाळणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे, राउटरमधलं कुलूप फक्त घरच्या वायफायपुरतं. मुलाने सिमचा डेटा सुरू केला किंवा दुसऱ्या कुणाचा हॉटस्पॉट घेतला की ते कुलूप बाजूला राहतं. दुसरं म्हणजे, आजकाल बहुतेक साइटचा मजकूर बंद पाकिटातून येतो. पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र दिसत नाही. तसं डीएनएसला साइटचं नाव कळतं, पण तिच्या आत कोणतं पान उघडलं, कोण कुणाशी काय बोलतंय, हे कळत नाही. साइट किंवा ॲप एकदा चांगल्यांच्या यादीत गेलं, की त्याच्या आतला वाईट माणूसही आपोआप चांगल्यांच्या यादीत जातो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ज्या घरांनी ‘दहावीपर्यंत फोन नाही’ असं ठणकावून सांगितलं होतं, त्यांनी स्वतःच मुलांच्या हातात फोन दिले, कारण वर्गच फोनमध्ये भरत होता. त्या वर्षी मास्क लावून, दारात उभं राहून मी आपल्या सोसायटीतल्या चौदा घरांत कुलपं लावून दिली. पंधरावं घर माझंच.

आता ती चूक. हा भाग मी नातीची परवानगी घेऊन लिहितो आहे. तिने तो वाचला, दोन वाक्यं काढायला लावली आणि मग हो म्हणाली.

ती तेव्हा सातवीत होती. राउटरवर मी गाळणी लावली होती आणि शिवाय खेळांच्या काही साइट स्वतः हाताने बंद केल्या होत्या. तिला समोर बसवून सांगितलं, ‘यातलं काही उघडलंस, तर फोन त्या दिवसापासून बंद.’ मला वाटलं, नियम स्पष्ट असलेला बरा. जानेवारी २०२१ मध्ये तिने आईच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून त्यातली एक साइट उघडली. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली तिथे खेळत होत्या, एवढंच कारण. खेळता खेळता तिथे गप्पा मारायची सोय होती. ‘मीही सातवीत आहे, मलाही चित्रं काढायला आवडतात,’ असं सांगणारी एक मैत्रीण तिला तिथे भेटली. दहाबारा दिवस चित्रांवर बोलणं झालं. मग मैत्रिणीने फोटो मागितला, हिने शाळेच्या गणवेशातला पाठवला. दोन दिवसांनी तोच चेहरा भलत्याच शरीरावर चिकटवलेला तिला परत आला. खाली लिहिलं होतं, आणखी फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. ‘टाकतो’, ‘टाकते’ नव्हे.

एकोणीस दिवस ती कुणालाही काही बोलली नाही. त्या एकोणीस दिवसांत मी रोज रात्री राउटरचा रिपोर्ट बघत होतो आणि सगळं स्वच्छ आहे म्हणून निवांत झोपत होतो. जेवण कमी झालं होतं, ते आम्ही ऑनलाइन शाळेच्या खात्यावर टाकलं. शेवटी एका दुपारी तिने फोन आजीच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, ‘मला हा नको.’ आजीने ‘का’ असं विचारलं नाही. ‘बरं, राहू दे,’ म्हणाली आणि शेंगा सोलायला तिला शेजारी बसवून घेतलं. अर्धी परात भरेपर्यंत सगळं बाहेर आलं.

संध्याकाळी मी तिला विचारलं, ‘अगं, मला का नाही सांगितलंस? मी याच कामाचा माणूस ना?’ ती म्हणाली, ‘तुम्हीच म्हणाला होतात, फोन बंद करीन. मग शाळा पण बंद झाली असती.’

यावर मी काय बोलणार? साइट बंद करणं बरोबर होतं, हे घडलेल्या गोष्टीनेच सिद्ध झालं. पण त्या कुलपाला मी जी शिक्षा जोडली होती, तिने पोरीचं तोंड बंद केलं. तिला छळणारा माणूस नेमका त्याच भीतीवर जगत होता. ‘घरी सांगितलंस तर तुलाच ओरडतील,’ असं त्याने लिहिलं होतं, आणि माझ्या नियमाने त्याचं म्हणणं खरं ठरवलं होतं.

पुढे काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. आम्ही काहीही पुसलं नाही. त्याचं खोटं नाव, संदेश, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. त्याला उत्तर दिलं नाही, आणखी काही पाठवलं नाही. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली आणि पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. शाळेत बाईंना आधीच विश्वासात घेतलं, म्हणजे फोटो कुणाकडे आला तरी काय करायचं ते त्यांना माहीत असावं. तो फोटो कुठेही आला नाही. तो माणूस कोण होता, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे, तो मुलाने स्वतः लावला तरी चालतो. आर्थिक फसवणूक असेल तर १९३०. हे दोन्ही नंबर लिफ्टमध्ये लावलेत, ते याच कारणासाठी.

२०२२ च्या गणेशोत्सवानंतर कमिटीच्या परवानगीने मी हॉलमध्ये पालकांची एक बैठक घेतली. वरची हकीकत नाव न घेता सांगितली. त्या बैठकीतून एक कागद तयार झाला. आज आपल्या बऱ्याच घरांत तो फ्रिजवर दिसतो. त्यात मुलाने पाळायची पाच कलमं आहेत आणि पालकांनी पाळायची दोन. पालकांचं पहिलं कलम असं: ‘तू कुठल्याही वाईट प्रसंगात सापडलास आणि आम्हाला सांगितलंस, तर नियम मोडलेला असला तरी फोन काढून घेणार नाही, ओरडणार नाही.’ दुसरं: ‘कोणत्या साइट बंद आहेत आणि का, ते तुला सांगू. अभ्यासाचं पान अडलं तर उघडून देऊ.’ दुसरं कलम सुचवलं ते सी विंगमधल्या त्याच मुलीने. ती आता स्वतः आई आहे आणि माहेरी आली होती. पहिल्या कलमावर सही करायला वडील मंडळी फार कां-कूं करत होती. ‘मग धाक कसला राहिला?’ असं एकाने विचारलं. आजीने मागून विचारलं, ‘धाक पोरांना ठेवायचाय की त्या माणसाला?’ मग सह्या झाल्या.

त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाची बातमी आली होती. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास अख्खं गाव टीव्ही-मोबाइल बंद ठेवतं, मोठ्या माणसांसकट. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावानेही ठराव केला, पण तो अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरू नये असा. आपण वडगावचा कित्ता गिरवायचा प्रयत्न केला, गणपतीच्या मंदिरातली घंटा साडेसातला वाजवायची असं ठरलं. चार महिने चाललं. मग आयपीएल सुरू झाली आणि घंटा पहिल्यांदा कुणी विसरलं, ते मूल नव्हतं, एवढंच लिहितो. पुन्हा सुरू करावी, अशी माझी नव्या कमिटीला विनंती आहे.

कुणी विचारेल, मग कुलूप लावायचं की नाही? लावायचं. लहान मूल मुद्दाम वाईट शोधत नाही, चुकून त्यावर जाऊन आदळतं, आणि त्या चुकून आदळण्यापासून कुलूप खरोखर वाचवतं. आठव्या वर्षी ते घट्ट असावं, तेराव्या वर्षी मुलाशी बोलून थोडं सैल करावं, सतराव्या वर्षी किल्ली त्याच्याकडे जाण्याची तयारी असावी. फक्त ते लावताना आत अडकलेल्याला बाहेर यायचा रस्ता मोकळा आहे ना, ते बघावं. आपल्या गच्चीच्या दाराला कुलूप असावं की नसावं यावर पंचवीस वर्षं वाद आहे, पण आग लागली तर किल्ली कुठे असते हे वॉचमनपासून सगळ्यांना पाठ आहे. तेवढंच.

नात आता बारावीला आहे. मागच्या महिन्यात ए विंगमधल्या दोन लहान मुलांच्या टॅबवर तिनेच गाळणी लावून दिली. परत आल्यावर मी विचारलं, ‘पासवर्ड काय ठेवलास? चार शून्यं नाहीत ना?’ ती म्हणाली, ‘तो त्यांच्या आईने ठेवला. मी फक्त आधी फ्रिजवरचा कागद वाचून घेतला.’

सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना शुभेच्छा. कुलपाच्या कामासाठी बेल वाजवायची असेल, तर यापुढे तिच्या नावाने वाजवा.